सशाच्या कानाचं औषध

सशाची माय हात धुवायची ते रस्त्यावर. बालवाडीच्या मागं आडोसा होता, रांजण होता, तरी ती बादली घेऊन रस्त्याकडच्या ओट्यावर यायची. आधी राखेनं, मग साबणानं कोपरापर्यंत हात घासायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे उन्हात धरून वाळवायची. मगच दुधाच्या पातेल्याला हात लावायची. मी बालवाडीची बाई म्हणून नवी होते, कारंज्याहून आलेली. एकदा म्हटलं, "अहो, आत रांजणापाशी धुवा की." तर म्हणाली, "नुसते धुऊन भागत नाई बाई. धुतलेले दिसलेबी पाह्यजेत."

ती बुद्धवाड्यातली. सासऱ्यानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. शिरपूरपासून पायी तासाभरावरच्या त्या गावात दुष्काळात बालवाडी उघडली, तेव्हा सुकडी आणि भुकटीचं दूध वाटायला तिला मदतनीस म्हणून घेतलं. त्या दिवसांत कुणाच्या हातचं खातो हे बघायला गावाला सवड नव्हती. वरच्या आळीतल्या बायासुद्धा पदराखाली भांडं धरून यायच्या आणि "माय, जरा जास्त घाल वं" म्हणायच्या. ती घालायची. माझं आडनाव ऐकून गावानं मला खोली वरच्या आळीत दिली होती, त्यामुळे त्याच बाया घरी गेल्यावर तिच्याबद्दल काय बोलतात तेही मला ऐकू यायचं.

ससा खरं तर ग्रामसेवकाच्या पोरांचा. ग्रामसेवकाची बदली झाली तेव्हा तो ससा पिंजऱ्यासकट बालवाडीला देऊन गेला. पांढराशुभ्र, म्हणून पोरांनी नाव ठेवलं कापश्या. रात्री मांजरांची भीती, म्हणून ती त्याला घरी न्यायची आणि सकाळी टोपलीत घालून परत आणायची. तिला मूल नाही म्हणून बायांनी टोमणा मारायला 'सशाची माय' हे नाव काढलं. पोरांनी मात्र ते इतक्या लाडानं उचललं की बायांचीच पंचाईत झाली. ती हसून म्हणायची, "असू द्या. पोटातलं नाई, टोपलीतलं त हाये."

दुष्काळ सरला. ज्वारी चांगली आली, कापूस घरात आला, आणि त्याच सुगीत कापश्या मान झटकायला लागला. कानाच्या आत पिवळट खपल्यांचा थर. पायानं खाजवून खाजवून रक्त काढायचा. तिनं नखानं एक खपली सोडवायला घेतली तर तो ओरडला. सशाला आवाज असतो हे मला तेव्हा कळलं. तिनं हात मागं घेतला आणि पुन्हा खपलीला नख लावलं नाही.

गुरांचा डॉक्टर फिरतीवर आला तेव्हा तिनं टोपली पुढं केली. तो म्हणाला, कानात बारीक किडे झालेत, खरजेच्याच जातीचे. माणसांच्या खरजेचं पांढरं औषध दवाखान्यात मिळतं, ते गोड्या तेलात कालवून घाल. खपली ओढू नको, भिजली की आपोआप पडते.

बाजाराच्या दिवशी ती शिरपूरच्या दवाखान्यात गेली. कंपाउंडर म्हणाला, "माणसाइले पुरत नाई अन् सशाले कायले देऊ?" पुढच्या बाजारी ती पुन्हा रांगेत उभी राहिली आणि म्हणाली, "मलेच झाली जी खरूज." त्यानं बाटली दिली आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं बजावलं, "अंगभर लावजो. कपडे उकळजो. कोनाच्या भांड्याले हात लावू नोको." मागं आमच्या गावच्या दोघी उभ्या होत्या.

औषध घालणं बघण्यासारखं असायचं. लुगड्याच्या फडक्यात कापश्याला मानेपर्यंत गुंडाळायचं, मांडीत घ्यायचं. तेल मनगटावर टाकून कोमट आहे ना ते बघायचं. मग कान उभा धरून थेंब सोडायचे आणि कानाचं बूड बाहेरून हळूहळू चोळायचं. तो मान झटकायचा, तेल तिच्या तोंडावर उडायचं, आणि ती म्हणायची, "झालं रे बाप्पा, झालं. मारून राह्यली काय तुले?"

हे बघायला पूर्वी सगळी पोरं गराडा घालायची. आता ती लांब उभी राहू लागली. दुधाच्या वेळी ग्लास तिच्यापुढं न धरता माझ्यापुढं धरू लागली. सरपंचांचा नातू म्हणाला, "आजीनं सांगतलं, बाईच्याच हातचं घेजो."

मी संतापले. टोपली उचलली आणि थेट सरपंचीणबाईंच्या ओसरीवर गेले. कापश्याचा कान उघडून दाखवला, सगळी हकिगत सांगितली. त्यांनी नीट वाकून पाहिलं. "खरंच वं माय, सशालेच हाये," त्या अगदी मायेनं म्हणाल्या. "पन आता पोराइले तुमच्या हातची सवय झाली ना. राहू द्या तसंच." आणि मला चहा दिला.

परत येऊन मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुमी कायले गेल्या जी? त्याइले ठाऊक नव्हतं काय?"

त्या दिवसापासून तिनं पातेल्याला हात लावला नाही. पण लगेच गेलीही नाही. कान बरे होईपर्यंत रोज यायची, त्याच ओट्यावर तसेच हात धुवायची, थेंब घालायची आणि भिंतीशी बसून राहायची. मला तिच्याकडे बघवत नसे. एका सकाळी शेवटची खपली आपसूक गळून पडली आणि आतला गुलाबी कान स्वच्छ दिसला. तो तिनं मला दाखवला. दुसऱ्या दिवशी ती जऊळक्याला भावाकडे निघाली. तो रेल्वेच्या गँगमध्ये होता.

"कापश्याला न्या," मी म्हटलं.

"पोराइचा हाये थो," ती म्हणाली. "पुन्यांदा झालं त खपली ओढू नोका जी. भिजू द्या."

मी नंतर एकदा जऊळक्याला जाऊन आले. गँग दुसरीकडे हलली होती. ती कुठं गेली ते कुणाला नीट सांगता आलं नाही. ती मला पुन्हा कधीच भेटली नाही.

थंडीत कापश्याचे कान पुन्हा खपल्यांनी भरले. मी दवाखान्यात गेले. रांगेत माझ्यामागं सरपंचीणबाईच होत्या. कंपाउंडरनं विचारलं, "कोनाले झाली?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मलाच." त्यानं तेच सगळं मोठ्यानं सांगितलं. अंगभर लावा, कपडे उकळा, कुणाच्या भांड्याला हात लावू नका.

संध्याकाळी सरपंचीणबाईंनी माझ्या अंघोळीसाठी कडुलिंबाचा पाला पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा नातू नेहमीसारखा सगळ्यांच्या पुढं ग्लास घेऊन उभा होता. मी दूध ओतलं, तो प्यायला, सगळी पोरं प्यायली. हात मी धुतले होते, पण मागं, रांजणापाशी. कुणी पाहिलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही.