पाण्याला न लावलेलं लुगडं

गोजरबाई चिडली की सोलापुरातल्या त्या गिरणीच्या चाळीत कुत्रीसुद्धा ओट्याखाली जाऊन बसायची. बाई मूळची माळशिरसकडची, मेंढरांमागं वाढलेली. माळावरून कळपाला हाळी द्यायची सवय, त्यामुळं आवाज बारीक करणं तिला कधी जमलंच नाही. नवरा तरणाच गेला, मेंढरं दुष्काळात गेली, तेव्हा तान्ही मायाक्का पाठीशी बांधून ती सोलापूरला आली आणि गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात लागली. एका मुकादमानं तिला एकदा वाकडं बोलून पाहिलं होतं. त्यानंतर तिच्या खात्यावरून जायची पाळी आली की तो लांबून वळसा घालायचा. त्या रागाच्या जोरावरच तिनं लेक वाढवली आणि उजवली.

आणि तीच लेक ऐन वैशाखात, अंगावरची हळद पुरती उतरायच्या आत, दारात उभी राहिली. मागं गाठोडं घेऊन जावई, बाळासो. मान खाली.

"काय झालं गं?" गोजरबाईनं विचारलं. मायाक्का नुसती रडायला लागली.

"आईनं सांगितलंय," बाळासो जमिनीशी बोलला, "अंगावर रोग हाय. खंडोबाच्या जागरनाआदी बरी झाली तर आना. न्हाय तर त्या दिशी पंच बसनारच हायती, तवाच सोडचिट्टीचं बगू."

"आन तू? तुला काय तोंड हाय का न्हाय?"

बाळासोनं गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं आणि पाठ फिरवली. असला नवरा! गोजरबाईनं दिलेल्या शिव्या त्याला वेशीपर्यंत ऐकू आल्या असतील.

आत नेऊन तिनं लेकीला पाहिलं. कमरेला, छातीखाली, मांड्यांच्या आतल्या अंगाला कातडी लाल होऊन सोलली होती, कुठं कुठं पाणी सुटत होतं. शेजारणी जमल्या आणि एकीच्या तोंडून तो शब्द निसटला. महारोग. गोजरबाईनं तिला दंडाला धरून बाहेर काढलं. पण शब्द बाहेर पडला तो पडलाच. दुसऱ्या दिवशी नळावर मायाक्काच्या घागरीपासून बायका आपल्या घागरी लांब ठेवायला लागल्या.

त्यात औषधांचा सुकाळ. एकीनं तंबाखूचं पाणी लावलं, दुसरीनं राख चोळली. राजाबाईनं, म्हणजे मायाक्काच्या सासूनं, बिब्ब्याचं तेल तर आधीच लावलं होतं, आणि ते उतून फोड आले होते. पोरीचं अंग म्हणजे काय सारवायची भुई, की ज्यानं त्यानं हात फिरवून जावं? गोजरबाईनं सगळ्यांना हाकललं आणि लेकीला घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरानं टाचणी घेतली आणि एका डागावर टोचली. मायाक्का केवढ्यानं तरी ओरडली. डॉक्टर म्हणाला, "महारोगाच्या डागाला टोचलेलं कळत नाही, बाई. हिला चांगलं कळतंय. हे कशानं तरी उठलंय. अंगावर काय नेसत होती?"

आणि मग सगळं बाहेर आलं. त्या घराची रीत अशी की सासरचं हिरवं लुगडं नवरीनं खंडोबाचं जागरण होईपर्यंत नेसायचं आणि तोवर त्याला पाणी लावायचं नाही. लुगडं कोरंच राहिलं पाहिजे, नाही तर देव कोपतो. एरवी लग्नामागं लगेच जागरण व्हायचं. यंदा सासरा तापानं आजारी पडला आणि जागरण लांबलं. पोर तेच लुगडं सकाळ-संध्याकाळ अंगाला गुंडाळून, चुलीपुढं, सोलापूरच्या उन्हात घामानं भिजत राहिली. लुगडं खळीनं कडक, वर विलायती हिरवा रंग. घामानं रंग सुटायचा आणि कातडीला बसायचा.

"कापडाला बुरशी लागू नये म्हणून खळीत औषधं घालतात," डॉक्टर म्हणाला. "रंगही कच्चा असतो. सगळ्यांनाच बाधत नाही, पण बाधलं की असं होतं. नवं कापड दोन-तीन पाणी धुऊन नेसावं. घामाचं कापड अंगावर वाळू देऊ नये. घट्ट आवळू नये, खाजवू नये. आणि बिब्बा, राख, तंबाखू यांतलं काहीही लावू नका, त्यानं दुखणं वाढतं."

"म्हंजे माजी पोर चांगली हाय?"

"ठणठणीत."

गोजरबाई तशीच राजाबाईच्या दारात गेली. राजाबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डाक्टराला काय कळतंय आमच्या देवातलं? ह्या घरात सगळ्या सुना असंच कोरं नेसल्या. कुनाला काय झालं न्हाय. तुज्या पोरीतच खोट हाय, विहीणबाई."

गोजरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खोट? मंग द्या त्ये लुगडं हिकडं! मीच नेसते. मला उटलं तर तुमच्या रीतीत खोट. न्हाय उटलं, तर सोडचिट्टी मी सोता आनून देते."

राजाबाई गडबडली. "आगं, रांडाव बाई तू, हिरवं नेसनार?"

"व्हय, नेसनार! बगू दे समद्या सोलापूरला."

आणि बाई खरंच नेसली. विधवा, पांढऱ्या केसांची, आणि अंगावर नवरीचं हिरवंगार कोरं लुगडं. गिरणीच्या वाटेवर पोरी खिदळल्या, "गोजरमावशी, वरात कवा?" एक म्हातारा तर थुंकला. "तुजीच वरात काडते आता," म्हणत ती सरळ खात्यात गेली. तिथं सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद, हवा कोंदट, घाम पायापर्यंत. तिनं लुगडं मुद्दाम आवळून नेसलं, अंगावरच वाळवलं, पाण्याला लावलं नाही.

पण उठतंय कुठं! दिवस जात होते, जागरण जवळ येत होतं आणि गोजरबाईची कातडी होती तशीच. मेंढपाळाची कातडी, उन्हानं रापलेली. रोज घरी आली की ती कंदील जवळ घेऊन कमर बघायची आणि स्वतःच्याच कातडीला शिव्या घालायची. "मुडदा बशिवला तुजा! वांग्यागत निबर झालीस व्हय? आज तरी उट की!" मायाक्का मात्र जुन्या, मऊ, धुतलेल्या लुगड्यात दिवसागणिक बरी होत होती. तिचे डाग वाळले, सोललेली जागा भरून आली. ती म्हणाली, "आये, मी बरी झाले की. आता काड त्ये."

"तू बरी झालीस त्ये देवानं केलं म्हनतील. मला त्यांच्या तोंडावर टाकायचं हाय."

आणि एका दुपारी, खात्यात, कमरेला मुंग्या चावल्यासारखं झालं. संध्याकाळपर्यंत लाल पट्टा उठला. खाजून जीव जात होता आणि गोजरबाई हसत होती. पोरींना वाटलं, बाई बिघडली.

जागरणाच्या दिवशी ती लेकीला घेऊन राजाबाईच्या घरी गेली. बाहेर पंच पान खात बसले होते. ती त्यांच्याकडं न बघता थेट आतल्या खोलीत बायकांत शिरली आणि कमरेची गाठ खाली सारली. "बगा! मलाबी महारोग झाला व्हय? आन हिचं बगा, धुतलेलं नेसून कशी बरी झाली ती!"

बायका पुढं सरकल्या. बघत राहिल्या. राजाबाई तेवढी बघत नव्हती. तिचा हात स्वतःच्या कमरेवर गेला होता आणि तिथंच थांबला होता.

गोजरबाईच्या ते नजरेत आलं. तिनं राजाबाईचा हात धरला, बाजूला केला, आणि गाठ जरा सारली. खाली काळी पडलेली, जाड, सुरकुतलेली कातडी होती. कमरेभोवती पुरं कडं.

"कवापासनं?"

"माज्या जागरनाच्या लुगड्यापासनं," राजाबाई पुटपुटली. "दर उन्हाळ्यात उटतंय."

"आन कुनाला काय झालं न्हाय म्हनालीस? माज्या पोरीला रोगी ठरीवताना तुजी जीब झडली न्हाय?" गोजरबाईचा आवाज पंचांपर्यंत गेला. बाहेर पान चावणं थांबलं.

राजाबाईच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. "मला वाटलं देवाचाच कोप हाय. मी मोरीत जाऊन खाजवायची. लपीवलं म्हनून नांदले गं. हिला लपीवता आलं न्हाय."

बाळासो दारात येऊन उभा होता. मायाक्कानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. ती आईला म्हणाली, "आये, काड त्ये लुगडं." गोजरबाईनं आडोशाला जाऊन दुसरं नेसलं. मायाक्कानं हिरवं लुगडं परसात नेलं आणि सगळ्यांदेखत बादलीत बुडवलं. पाणी हिरवंगार झालं. "आत्याबाई, जागरनाला मी ह्येच नेसनार, पन धुऊन. न्हाय चालत तर तसं सांगा. आय हितंच हाय, मी माघारी जाते."

राजाबाई आडावर गेली आणि दुसरी बादली भरून घेऊन आली.

गोजरबाईनं पदर खोचला आणि लुगडं दगडावर आपटायला लागली. एकेका आपटीला एकेक शिवी. सगळं परस दणाणत होतं.

"आता कुनाला शिव्या देतीस गं आये?"

"जिनं पैली ही रीत काडली, तिला!"

राजाबाईनं बादली लुगड्यावर ओतली. पाणी अजून हिरवंच वाहत होतं. ती खाली बसली, लुगड्याचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाली, "माज्या वाटचीबी एक घाल की."