कोलोसियम आतून

अमेरिकेतल्या ईडन प्रेरीहून निघताना माझ्याकडे तीन याद्या होत्या. एक सामानाची, एक औषधांची आणि एक रोजच्या कार्यक्रमाची. नवरा संजय म्हणाला, "सुनीता, हा युरोप आहे, प्रोजेक्ट नाही." त्याला ऑफिसच्या सॉफ्टवेअर रिलीजमुळे येता येणार नव्हतं, त्यामुळे त्याचं बोलणं मी मनावर घेतलं नाही. आम्ही तिघी निघालो होतो: मी, चौदा वर्षांची माझी मुलगी ऋचा आणि अमरावतीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आलेल्या माझ्या सासूबाई.

ऋचाचा जन्म इथला, तिचा पासपोर्ट अमेरिकन. तिला व्हिसाची कटकट नव्हती. आम्हा दोघींच्या व्हिसासाठी मात्र शिकागोला गाडी हाणावी लागली. काम झाल्यावर डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांतून ठेपले, भडंग आणि लसणाची चटणी घेतली. परतीच्या वाटेवर सासूबाईंनी पहिल्यांदाच आपली मागणी सांगितली.

"मला बाकी काही नाही दाखवलं तरी चालेल. ते कोलोसियम आतून पाहायचं आहे."

आमच्या सासूबाईंनी मुलींच्या शाळेत निवृत्तीपर्यंत इतिहास शिकवला. पुस्तकात रोमच्या कोलोसियमचं, म्हणजे प्राचीन झुंजींच्या रिंगणाचं, चित्र होतं, पण बाहेरून. आत नेमकं काय आहे, हे मुलींना सांगताना त्या दरवर्षी अंदाजानेच बोलत. ती सल त्यांनी इतकी वर्षं कोणाला सांगितली नव्हती. मी कार्यक्रमाच्या यादीत कोलोसियमखाली दोन रेघा ओढल्या.

पॅरिसमध्ये आम्ही उतरलो तेव्हा ऊन लख्ख होतं. आयफेल टॉवर खालून पाहिला, वरून पाहिला आणि नदीतल्या बोटीतूनही पाहिला. लूव्र संग्रहालयात ऋचा हरवली आणि इजिप्तच्या दालनात सापडली. दुपारी बाकावर बसून बॅगेट नावाचा तिथला लांबोडका कडक पाव लसणाची चटणी लावून खाल्ला. शेजारच्या फ्रेंच बाईंनी कुतूहलाने पाहिलं म्हणून सासूबाईंनी त्यांनाही तुकडा दिला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी हसून दुसरा तुकडा मागितला.

नोत्र दाम चर्चच्या दारात मात्र वेगळाच प्रसंग झाला. सासूबाई एका हाताने दगडी खांब धरून बुटांचे बंद सोडायला लागल्या.

"आजी, नो! इथे शूज घालूनच जायचं," ऋचा कुजबुजली.

"देवाच्या दारात?"

"एव्हरीबडी इज वेअरिंग शूज!"

"त्यांचा देव चालवून घेत असेल. माझ्या पायांना सवय नाही."

मी तडजोड काढली. बूट काढायचे, पण प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातात धरायचे. हे बूट साधे नव्हते. मांडीचं हाड मोडल्यापासून सासूबाईंचा डावा पाय किंचित आखूड आहे. त्या बुटाचा तळ नागपूरच्या कारागिराकडून जाड करून घेतला होता. त्याच्याशिवाय चार पावलांत त्यांची कंबर धरते. त्यामुळे पिशवी माझ्याकडेच राहील, असा नियम मी केला.

रात्रीच्या रेल्वेने आम्ही इटलीत आलो. फ्लोरेन्सला दुओमोच्या (मुख्य चर्चच्या) घुमटावर चढायची रांग होती. ऋचाने खूप आग्रह केला, पण सासूबाई खाली बसून राहिल्या. "माझे गुडघे रोमसाठी राखून ठेवलेत," म्हणाल्या. आम्ही वर जाऊन लाल कौलांचं शहर पाहिलं आणि तिथून त्यांना हात केला. त्यांनी खालून पदर हलवला.

रोमला शनिवारी पोचलो. हॉटेलजवळच्या पियात्सात (चौकात) एक लहानसं चर्च होतं. मी पाण्याच्या बाटल्या घ्यायला गेले आणि ऋचा आइस्क्रीमच्या दुकानाशी थांबली. तेवढ्यात सासूबाई आपल्या सवयीने बूट पायरीवर काढून, देवळात जावं तशा आत गेल्या. पिशवी माझ्याकडे होती, पण मी तिथे नव्हते.

त्या बाहेर आल्या तेव्हा पायरी रिकामी होती.

आम्ही आत विचारलं, बाहेर विचारलं. मी कचऱ्याचे डबेही उघडून पाहिले. बूट कोणी नेले ते कळलं नाही. सासूबाई नुसत्या मोज्यांनी पायरीवर बसल्या होत्या.

"बाप्पा! अमरावतीला अंबादेवीच्या देवळाबाहेर कधी चप्पल गेली नाही, अन् इथे गेली," त्या हसत म्हणाल्या. पण लगेच त्यांचा आवाज उतरला. "आता उद्या तुम्ही दोघी जाऊन या. मला फोटो दाखवा."

रविवारी कोलोसियम, सोमवारी सकाळचं विमान. दुसरा दिवस हाताशी नव्हता. दुकानं बंद होत होती आणि जाड तळाचा बूट तयार मिळणारही नव्हता. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला जादा होतं: जादा चष्मा, जादा गोळ्या, जादा किल्ली. बूट तेवढे जादा नव्हते.

"आजी, तुझी शू साइझ काय आहे?" ऋचाने अचानक विचारलं. तिने आपले पळायचे बूट काढून आजीच्या पायात घातले. जवळजवळ बसले.

हॉटेलवर परतल्यावर ती कामाला लागली. माझ्या बॅगेतली कात्री आणि रुंद चिकटपट्टी घेतली, आपली रबरी स्लिपर कापली आणि तुकडा डाव्या बुटात आत सरकवला.

"टाच वर येते गं. आतून नको, बाहेरून लाव," आजींनी सांगितलं.

"ओके, उभी राहा. नाऊ?"

"अजून थोडं. आता पुढे जास्त झालं, मी काय डोंगर चढून राहिली का?"

"आजी, यू आर सो पिकी!"

"काय म्हणाली गं ही?"

"तुम्ही चोखंदळ आहात म्हणतेय," मी म्हटलं.

"मग बरोबर आहे. काप अजून."

रबर कापून कापून ऋचाच्या बोटांना वळ उठले, पण ती उठली नाही. शेवटी सासूबाई खोलीत सरळ चालत गेल्या आणि वळून सरळ परत आल्या. मला माझ्या पोरीचा फार अभिमान वाटला.

रविवारी सकाळी रोमच्या सांपिएत्रीनींवरून (रस्त्यात बसवलेल्या काळ्या घडीव दगडांवरून) सुती साडी आणि हिरव्या पट्ट्यांचे पळायचे बूट निघाले. लोक वळून पाहत होते. सासूबाई कोणाकडेच पाहत नव्हत्या.

कोलोसियमच्या पायऱ्या उंच आहेत. आपले सँडल घातलेली ऋचा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, आणि दर वळणावर थांबत आम्ही वर गेलो. शेवटच्या कमानीतून उजेड आला आणि सगळं रिंगण समोर उघडलं. सासूबाईंनी कठडा धरला. खाली मैदान नव्हतंच. होत्या त्या भिंती, बोळ आणि खोल्या, एखाद्या उघड्या पडलेल्या तळघरासारख्या.

त्यांनी वाकून एकेक बोळ न्याहाळला. मग ऋचाचा हात धरून सांगू लागल्या. वर लाकडी फळ्यांची जमीन असायची, तिच्यावर वाळू. खाली पिंजरे. दोरांनी ओढून जनावरं वर आणायची. पुढे सरदार बसायचे, गरीब लोक आणि बायका सगळ्यात वर.

"म्हणजे इथंही बायका मागेच!" मागून आवाज आला.

वळून पाहिलं तर एकसारख्या टोप्या घातलेली ठाण्याची टूर. त्यांतल्या एक काकू विचारत होत्या, "बाई, तुम्ही गाईड आहात का?"

"नाही हो, मी मास्तरीण."

"मग सांगा ना पुढे."

बघता बघता टोप्यांचं कोंडाळं झालं. त्यांचा टूर लीडर घड्याळ दाखवत म्हणाला, "चला चला, बस थांबलीय!"

"थांबू दे," काकू म्हणाल्या. "बाई शिकवतायत."

सासूबाईंनी तास पूर्ण केला. शेवटी टाळ्या वाजल्या. मी कॅमेरा धरला होता, पण बटण दाबायचं राहून गेलं.

घराजवळच्या मिनियापोलिसला उतरलो तेव्हा याद्यांमधलं सगळं करून झालं होतं. मी नियोजनाचा अभिमान बाळगणारी बाई आहे आणि त्याची लाजही नाही. पण या प्रवासात ज्याचा मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो, ते एकाही यादीत नव्हतं.

पुढच्या रविवारी आमच्या मराठी शाळेत सासूबाईंना बोलावणं आलं. ऋचाने वर्षापूर्वी ती शाळा सोडली होती. त्या दिवशी ती आपणहून आजीशेजारी उभी राहिली आणि अडेल तिथे इंग्रजीत समजावत गेली. पहिल्या रांगेतल्या एका चिमुरडीने हात वर केला.

"आजी, डिड यू सी द लायन्स?"

ऋचा भाषांतर करायला वळली, पण आजींना प्रश्न कळला होता.

"नाही गं बाळा," त्या म्हणाल्या. "पण ते कुठून वर यायचे, ती जागा पाहिली मी."