जित्या झुंबरबाईचा पुतळा

केडगावच्या पुढं, पुणे रस्त्याला आप्पासाहेबांनी 'गावगाडा' नावाचं उद्यान काढलं, ते शहरातल्या पोरांनी सगळ्याला हात लावून शिकावं म्हणून. झुंबरबाई मूळची पाथर्डीकडची. ऊसतोड सोडून ती इथं जात्यावर बसली. पोरांच्या हाती खुंटा द्यायचा, दळून दाखवायचं, नाकाला लागलेलं पीठ पुसायचं. उभ्या जन्मात पहिल्यांदा तिला कामाची गोडी लागली होती.

लेकीच्या बाळंतपणाहून ती परतली, तर जात्यावर दुसरीच बाई. जवळ जाऊन तिनं निरखून पाहिलं. ती बाई म्हणजे तीच. तिचंच कपाळ, तिचंच गोंदण, पण फायबरचं. गळ्यात उद्घाटनाचा हार, पुढं दोरी आणि पाटी: 'हात लावू नये.' पलीकडं काम करून दाखवणारे कुंभार आणि लोहारही आता फायबरचेच.

नवा मॅनेजर म्हणाला, "मावशी, पुतळे रजा घेत नाहीत. तुम्ही आता झाडलोट बघा."

मागं त्यानं तिचा फोटो कशाला काढून नेला होता, ते तिला आत्ता उमगलं. तिनं मुकाट झाडू घेतला. पोरं येत, दोरीबाहेरून सेल्फी काढत आणि पुढं जात.

आठवड्याभरात कोल्हारची धाकटी बहीण, बायडाबाई, नातवाच्या सहलीबरोबर आली. पुतळे मेल्या माणसांचेच होतात, हे तिला पक्कं ठाऊक. त्यात गळ्यात हार. तिनं हंबरडाच फोडला, "आगं झुंबरे, मला कळवलं पन न्हाई गं कुनी."

गुरुजी गडबडले. त्यांनी मुलांना दोन मिनिटं स्तब्ध उभं केलं. ऑफिसातून आप्पासाहेब धावत आले.

तेवढ्यात झाडू घेऊन झुंबरबाई तिथं पोचली. सगळे माना खाली घालून उभे, म्हणून तीही उभी राहिली. शेजारच्या माणसाला हळूच म्हणाली, "कोन गेलं वो?"

बायडाबाईनं आवाज ओळखला. आधी ती किंचाळली, मग बहिणीला कवटाळून पाठीत धपाटे घालत सुटली. हसावं की रडावं, कुणालाच कळेना. आप्पासाहेब मात्र पांढरेफटक पडले होते.

"मॅनेजरनं पुतळ्यांचं विचारलं, मी हो म्हणालो," ते पुटपुटले. "जित्या माणसाला मीच मारलं की."

त्यांनी स्वतःच्या हातानं दोरी सोडली आणि मॅनेजरला पुतळा उचलायला लावला. कुंभाराला, लोहाराला उद्यापासून परत बोलवा म्हणून सांगितलं.

झुंबरबाई जात्यापाशी टेकली. पोरं बिचकून लांबच उभी. शेवटी एक मुलगी पुढं आली आणि तिच्या दंडाला बोट टोचून म्हणाली, "आजी, तुम्ही खऱ्या आहात?"

"खुंटा वढ," झुंबरबाई म्हणाली, "म्हंजी कळंल."