बुम्मी नावाची माझी बहीण

नागपूरच्या विमानतळावरून मी आणि नवरा सिंगापूरला निघालो, तेव्हा सगळे फोटो सुजातानं काढले. "मी काढते, तुम्ही उभे राहा," म्हणत ती आई-बाबांना माझ्या शेजारी सरकवत होती. माझी ही धाकटी बहीण त्यातल्या एकाही फोटोत नाही, हे मला बारा वर्षं दिसलं नाही. मला तेव्हा सामानाच्या वजनाची काळजी होती.

सुजाता सावळी नाही, चांगली काळी आहे. एवढं म्हटलं की आमच्याकडे लगेच कोणीतरी 'पण नाकीडोळी नीटस' असं जोडतं. मी जोडणार नाही. आम्ही लहान असताना बाबांनी ऑफिसातल्या कोणाकडून तरी अमेरिकन कार्टूनच्या दोन व्हिडिओ कॅसेट आणल्या, पोरींच्या कानावर इंग्रजी पडावं म्हणून. कार्टून्स फार जुनी, बाबांच्याही जन्माआधीची असतील. त्यात एका कोल्ह्याच्या हातात बॉम्ब फुटतो. बुम्म असा आवाज होतो, धूर निघून जातो आणि कोल्ह्याच्या जागी काळंकुट्ट तोंड, भाकरीएवढे ओठ नि डोक्यावर रिबिनी बांधलेल्या चार-सहा ताठ वेण्या. मी सुजाताकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "बुम्मी." आई हसून हसून बेजार झाली. आठवड्याभरात सगळी गल्ली तिला बुम्मी म्हणायला लागली.

बाबा तेवढे कधी म्हणाले नाहीत. लहानपणी गावात त्यांना कोणी नावानं बोलावलंच नव्हतं, जातीनंच हाक मारत. म्हणून तर ते गाव सोडून नागपुरात आले, आणि आम्हा दोघींची नावं त्यांनी बुद्धाच्या गोष्टींतून शोधून ठेवली. मला एकदाच म्हणाले, "तिचं नाव मी ठेवलं आहे ना?" मी लाडानं म्हणते, असं मी ऐटीत उत्तर दिलं.

पुढे सुजाताला बघायला पाहुणे आले, तेव्हा आईनं सवयीनं आतून हाक मारली, "बुम्मे, पाणी आण वं." हे कसलं नाव, असं पाहुण्यांनी विचारलं, आणि ती गोष्ट मीच रंगवून सांगितली. सगळे पोट धरून हसले. सुजाता पाण्याचा ट्रे धरून तिथंच उभी होती. त्या स्थळाचा काही निरोप आला नाही.

स्वतःचा अपमान मला लगेच कळतो. सिंगापूरला आल्या आल्या एका एजंटनं फोनवर सांगितलं की फ्लॅटच्या मालकाला इंडियन भाडेकरू नकोत. त्यावर मी पाया लेबारच्या ऑफिसात महिनाभर जेवणाच्या टेबलावर भाषणं दिली.

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "बुम्मे, फोन धर नीट." माझ्या नऊ वर्षांच्या सांचीनं विचारलं, मावशीला असं का म्हणतात. शनिवार होता, तिच्या वर्गातल्या दोघी आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटवर खेळायला आल्या होत्या. मी उत्साहानं ते कार्टून नेटवर शोधून काढलं. सुरुवातीला सूचना आली, यात काळ्या लोकांची हेटाळणी केलेली आहे वगैरे. मी ती न वाचताच पुढे गेले. बुम्म झालं. मी खळखळून हसले, मग त्या दोघी हसल्या. सांची हसली नाही. सांचीनं रंग मावशीचा घेतला आहे.

पुढच्या आठवड्यात ती शाळेतून आली आणि दप्तर न काढताच पलंगावर पडली. काय झालं विचारलं तर इथल्या पोरांसारखं म्हणे, "नथिंग लाह." जेवताना कळलं, वर्गात तिला बुम्मी म्हणतात. स्कूल बसमध्येही. माझं डोकंच फिरलं. मी लॅपटॉप उघडून शाळेला ईमेल लिहायला घेतला, त्यात वर्णद्वेष हा शब्द तीनदा आला. सांची मागे उभी राहून वाचत होती.

"यू लाफ्ड फर्स्ट, आई," ती म्हणाली. "मावशीला पण तेच म्हणतेस ना?"

मी ईमेल पुसला आणि नव्यानं लिहिला, आधी मी काय केलं ते सांगून. शाळेनं मुलींना समजावलं. पण रविवारी मरीन परेडला समुद्रावर गेलो आणि फोटोसाठी मी सांचीला जवळ ओढलं, तर तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. "मी काढते. तुम्ही दोघं उभे राहा."

घरी येऊन मी विमानतळावरचे ते जुने फोटो एकेक करून पाहिले. मला रडू आलं, आणि रडायचा हक्क माझा नव्हता. परदेशात इतकी वर्षं घर म्हटलं की मला एकच आठवायचं, जिथं आपल्याला कोणी हसत नाही ती जागा. मला नव्हतंच हसत कोणी. हसायला आम्हाला सुजाता होती.

हे तिला सांगावं म्हणून मी नागपूरला फोन लावला. तिनंच उचलला.

"सुजाता," मी म्हणाले.

तिला या नावानं मी याआधी एकदाच हाक मारली होती. मी सुट्टीवर नागपूरला गेले होते, बाबा हॉस्पिटलमध्ये वारले, आणि तिथून घरी फोन मी केला होता.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.