राउंडच्या आधी खिडक्या बंद

छातीच्या डॉक्टरांनी माझा एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्हीच वाचा. काय दिसतंय?"

उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला धुरकट डाग होता. दुसऱ्या कुणाचा फोटो असता तर मी फटकन सांगितलं असतं. स्वतःचा होता, म्हणून म्हणाले, "सर, फोटो काढताना मी हलले असेन."

"नाही हललात," डॉक्टर म्हणाले. "बसा."

थुंकीचा रिपोर्ट त्यांच्या टेबलावरच होता. स्प्युटम एएफबी पॉझिटिव्ह. स्प्युटम म्हणजे खोकून काढलेला बेडका. एएफबी म्हणजे मायक्रोस्कोपखाली लाल काड्यांसारखे दिसणारे क्षयाचे जंतू. पॉझिटिव्ह म्हणजे ते माझ्यात होते आणि माझ्या खोकल्यातून दुसऱ्याकडे जाऊ शकत होते. साध्या मराठीत, मला टीबी झाला होता.

हे मी नर्सिंग शिकणाऱ्या मुलींसाठी लिहितेय. आमच्यातल्या कितीतरी जणींना हा आजार होतो आणि त्यातली एकही तो कुठून आला ते बोलत नाही. माझंही बोलणं जवळजवळ बंद झालंच होतं.

मी बेलापूरजवळच्या दिवाळे गावची, कोळ्याची मुलगी. आई बेलापूरला म्हावऱ्याची, म्हणजे मासळीची, पाटी घेऊन बसते. दहावीनंतर मी एएनएम केलं. एएनएम म्हणजे वस्तीवस्तीत फिरून लस टोचणारी, बाळंतपणं करणारी नर्स. कामाला पुढे, मानाला मागे. ते काही वर्षं केलं आणि मग जीएनएमला सीट मिळाली. जीएनएम झालं की तुम्ही पुऱ्या रजिस्टर्ड नर्स, कुठल्याही वॉर्डात ताठ मानेने उभ्या राहू शकता. माझ्या बॅचच्या मुली नुकत्याच बारावी झालेल्या. मला चिडवायच्या, "ताई, तुम्हाला सगळं येतं, मग शाळेत कशाला आलात?" मी म्हणायचे, "तुम्हाला काय येत नाही ते बघायला."

त्याआधी गावातल्या पोरापोरींच्या मंडळात मी पत्रकं लिहायचे. खाडीतल्या भरावाविरुद्ध, गावाला नळ मिळावा म्हणून. एका पत्रकात मोठ्या टायपात लिहिलं होतं, "क्षयाला घाबरू नका, तो बरा होतो." लिहायला काय जातं! एक्स-रे बघितला त्या दिवशी मी घाबरले.

आता वॉर्डाचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं.

दुसऱ्या वर्षी माझी पोस्टिंग पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात होती. खिडक्या भरपूर, पण जवळच्या शिरवणे गावापलीकडे दगडखाणी. दुपारी वारा सुटला की राखाडी धूळ आत यायची आणि पांढऱ्या चादरींवर बसायची. मोठ्या डॉक्टरांचा राउंड दुपारचा. चादरीवर बोट फिरवून बघणारे डॉक्टर. म्हणून वॉर्डाचा नियम होता: राउंडच्या आधी खिडक्या बंद. जेवणं झाली की आम्ही स्टुडंट कड्या लावत जायचो आणि राउंड आटपेपर्यंत तीसेक खोकणारी माणसं त्याच हवेत श्वास घ्यायची. राउंडला उशीर झाला तर संध्याकाळपर्यंत. मास्क मागितला की ट्यूटर, म्हणजे आमच्या शिक्षिका, म्हणायच्या, "मास्क ऑपरेशन थिएटरसाठी असतो. वॉर्डात लावलात तर पेशंटचा अपमान होतो." चादरी स्वच्छ, पेशंटचा मान शाबूत. हवेचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

चौदा नंबरच्या कॉटवर जाधव मामा होते. वाशीच्या मार्केटात कांद्याची पोती वाहणारे माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे. निमोनिया म्हणून दाखल केलेले. आधी अँटिबायोटिकचा कोर्स होऊ दे, मग थुंकी तपासू, असं करत त्यांची तपासणी पुढे पुढे जात राहिली. त्यांचा खोकला मला आजही पाठ आहे. दोन आखूड ठसके, मग एक लांब, तळातून ओढून काढलेला, आणि शेवटी "आई गं".

"पोरी, तेवढी खिडकी उघड की गं. जीव घाबराघुबरा हुतोय," ते म्हणायचे. मी उघडायचे. वॉर्डच्या सिस्टर येऊन बंद करायच्या. मी परत उघडायचे. "ए पुढारीण," सिस्टर म्हणायच्या, "हा वॉर्ड आहे, तुझा मोर्चा नाही." मामा हसायचे. "तुमा दोघींच्या भांडणात माझं वारं अडलंय," म्हणायचे आणि हसता हसता खोकायचे.

एका दुपारी सिस्टरनी मला औषधं आणायला खाली पाठवलं. परत आले तेव्हा सगळ्या खिडक्या लावलेल्या होत्या. मामांचं तोंड खिडकीकडे होतं. मी नाडी बघितली. नव्हती. ओरडून सिस्टरना बोलावलं. डॉक्टर धावत आले, छाती दाबून झाली, सगळं झालं. थोड्या वेळाने राउंड आला तेव्हा पूर्ण वॉर्डात त्यांची चादर सर्वांत सरळ होती.

मामांची थुंकी शेवटच्या दिवसांत कधीतरी तपासायला गेली होती, तिचा रिपोर्ट ते गेल्यावर आला. तो पॉझिटिव्ह होता, हे लॅबच्या टेक्निशियनने चहाच्या टपरीवर सहज बोलता बोलता सांगितलं. वॉर्डात कुणी कुणाला सांगितलं नाही, कुणाची तपासणी केली नाही. चौदा नंबर फिनेलने पुसला आणि दुसरा माणूस त्यावर झोपला.

पुढे काही महिन्यांनी मी वर्गात बसून हृदयाची आकृती काढत होते. मागून खोकला ऐकू आला. दोन आखूड, एक लांब. मी वळून बघितलं. मागच्या बाकावर कुणीच नव्हतं. पुन्हा आला तेव्हा कळलं की तो माझ्या छातीतून येतोय.

भूत वगैरे मी मानत नाही. पत्रकं लिहिणाऱ्या मुलीने मानूही नये. पण भर उन्हात, पंख्याखाली, वीस मुलींच्या मध्ये एका मेलेल्या माणसाचा खोकला आपल्या तोंडातून बाहेर पडला तर तुम्ही त्याला काय म्हणाल ते मला सांगा.

मग संध्याकाळचा बारीक ताप सुरू झाला. युनिफॉर्मचा पट्टा ढिला झाला. मैत्रिणी म्हणाल्या, "ताई डाएटिंग करतायत, कुणीतरी बघून गेलेला दिसतोय!" अशी लक्षणं पेशंटने सांगितली असती तर मी त्याला हाताला धरून छातीच्या ओपीडीत नेलं असतं. स्वतःला न्यायला मात्र रुमालावर रक्ताचा ठिपका दिसावा लागला. मुलींनो, तेवढं थांबू नका. दोन आठवडे खोकला टिकला की तपासा.

निदान झालं त्याच दिवशी मेट्रनने ऑफिसात बोलावलं. मेट्रन म्हणजे सगळ्या नर्सेसच्या वरची नर्स. उंच, कडक इस्त्रीच्या बाई. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, पण पंखा माझ्याकडे वळवला.

"घरी जा, औषध सुरू कर. बरी झालीस की कमिटी बोलावेल. विचारतील कुठून लागला. सांग, घरून लागला."

"घरी कुणाला नाही, मेट्रन."

"नसेना. वॉर्डातून लागला म्हणालीस तर चौकशी लागते. चौकशीत खिडक्या जात नाहीत, मुली जातात. सीट हवी ना तुला?"

सीट हवी होती. तिच्यासाठीच मी एवढी वर्षं उन्हातून सुया टोचत फिरले होते.

घरी गेले. सहा महिन्यांचं औषध. रिफॅम्पिसिन नावाची गोळी घेतली की लघवी केशरी होते. हे माहीत असलं तरी पहिल्या दिवशी धडकी भरतेच. पायराझिनामाइडने सांधे धरतात. मळमळ इतकी, की ज्या वासात लहानाची मोठी झाले त्या सुक्या बोंबलांच्या वासाने उलटी यायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, "बरं वाटायला लागेल तेव्हाच लोक गोळ्या सोडतात. तिथेच मरतात." मी एकही चुकवली नाही. काही आठवड्यांत थुंकी निगेटिव्ह झाली. म्हणजे आता माझ्यापासून कुणाला धोका नव्हता.

दुपारी मी एकटी असायचे. सगळी खिडक्या-दारं सताड उघडी. तरी जेवणाची वेळ टळली की कानाशी यायचं, तेवढी खिडकी उघड की गं. मी उठून उघड्याच खिडक्यांवर हात फिरवून यायचे.

आणि आईची पाटी भरलेली परत यायला लागली.

हॉस्पिटलातून कुणीतरी बातमी फोडली होती. कोळणीच्या घरात टीबी. सोसायटीतल्या बायका आईच्या पाटीवरून पुढे जाऊन शेजारणीकडे घ्यायला लागल्या. एक तर वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. "मावशी, आज उपास आहे हो," म्हणाली.

आई घरी येऊन मला म्हणाली, "आयतवारी कनचा उपास गं? तू शिकलेली हायस ना, सांग मना."

मी तिला, बाबांना, भावाला एक्स-रेला नेलं. तिघेही स्वच्छ. आई ते फोटो पाटीतल्या पापलेटांशेजारी घेऊन बसली. गिऱ्हाइकाला दाखवायची, "बघ, माज्या छातीन काय हाय? नुसती हाडां!" लोक हसायचे. घ्यायचे नाहीत.

मग मी तिला मेट्रनचा सल्ला सांगितला. घरून लागला असं म्हटलं की सीट राहते. आई बराच वेळ कोयता घासत राहिली.

"बोल तसा," ती म्हणाली. "तुजं शिक्षान व्हईल. मी काय, दुसऱ्या बाजारान जाऊन बसन."

ती मनापासून बोलत होती. त्यानेच माझी झोप उडाली.

कमिटीत तिघे होते: सुपरिंटेंडेंट, मेट्रन आणि ट्यूटर. सुपरिंटेंडेंट गोड माणूस. "बेटा, छान सुधारणा आहे. घरी कुणाला होता म्हणे?"

मेट्रन माझ्याकडे बघत नव्हत्या.

"घरी कुणाला नाही, सर. सगळ्यांचे एक्स-रे आणलेत. मला चौदा नंबरच्या जाधवांकडून लागला. पुरुषांच्या वॉर्डात, दुपारी खिडक्या बंद असायच्या तेव्हा. त्यांचा रिपोर्ट आला तेव्हाच आमची तपासणी करायला हवी होती. माझ्याबरोबरच्या मुलींची आता तरी करा."

"हे तू सिद्ध करू शकतेस?"

"नाही, सर. पण घरून लागला हे तुम्हीही सिद्ध करू शकत नाही. आणि त्या खोट्यापायी माझ्या आईचा धंदा बसतो."

मला बाहेर थांबायला सांगितलं. कॉरिडॉरच्या बाकावर मी मनात पत्रक लिहीत होते. अन्याय, निषेध, धिक्कार. तेवढ्यात मेट्रन बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. मेट्रनना कुणाच्या शेजारी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"सीट राहिली. पण बॅच गेली. ज्युनियर मुलींबरोबर दुसरं वर्ष पुन्हा करावं लागेल." मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मलाही झाला होता. स्टुडंट असताना, वॉर्डातूनच. मी सांगितलं, घरून लागला. आमच्या घरीही कुणाला नव्हता."

त्यांनी डोक्यावरची कॅप काढून मांडीवर ठेवली.

"धाकट्या बहिणीचं लग्न ठरत आलं होतं. मुलाकडच्यांच्या कानावर गेलं. मोडलं. मग दुसरं ठरलंच नाही. ती पनवेलला एकटी राहते. माझ्याशी बोलत नाही."

त्यांच्याबद्दल मनात जमवून ठेवलेला सगळा राग मला कुठे ठेवावा कळेना. ती बाई मला फसवत नव्हती. तिला जी एकच वाट सापडली होती ती दाखवत होती.

माझ्या जुन्या बॅचचे एक्स-रे झाले. आणखी एकीला डाग निघाला, लवकर सापडला, ती बरी झाली. वॉर्डात पोस्टिंगच्या आधी आणि नंतर फोटो काढायची पद्धत पडली. खिडक्यांसाठी अजून रोज भांडावं लागतं. मी दुसरं वर्ष पुन्हा केलं, तिसरं केलं, परीक्षा पास झाले. आता रजिस्टर्ड नर्स आहे आणि छातीच्या वॉर्डात ड्युटी मागून घेतलीय. औषधांनी मला वाचवलं, छातीच्या डॉक्टरांनी वाचवलं, आणि स्वतःची पाटी पणाला लावायला तयार झालेल्या आईने वाचवलं. जाधव मामांना कुणी वाचवलं नाही. ते दुपारचे येतात. येऊ देत.

मुलींनो, तुम्हाला हा आजार झाला तर लाजू नका, गोळी चुकवू नका. आणि कुठून लागला असं विचारलं तर खरं सांगा. तुम्ही खोटं बोललात तर त्याची किंमत दुसरंच कुणीतरी भरतं, आणि तेही तुमच्या घरातलं.

एक राहिलं. कमिटीनंतरच्या रविवारी मी आईजवळ बाजारात बसले होते. ऐन गर्दीत मेट्रन आल्या. पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये, डोक्यावर कॅप, सगळ्या बाजाराला दिसेल अशा. साडी सावरून आईच्या पाटीपुढे उकिडव्या बसल्या आणि पापलेटाचे कल्ले उघडून बघायला लागल्या.

"ताजं आहे का, मावशी?"

"तू पोरींची साहेबीन ना?" आई म्हणाली. "ताजा हाय. पन तुला सस्त नाय देनार."

सोसायटीतल्या दोघी-तिघी थबकल्या. मेट्रननी घासाघीस केली, तीही चांगली मोठ्या आवाजात. मग म्हणाल्या, "दोन वाटे करा. दोन पिशव्यांत."

"दोन कशाला?" आईने विचारलं.

"एक पनवेलला न्यायचाय."

आईने दुसऱ्या पिशवीत एक पापलेट जास्त टाकलं. मेट्रन दोन्ही पिशव्या घेऊन एसटी स्टँडकडे चालू लागल्या. पनवेलचं दार त्या दिवशी उघडलं की नाही, मला माहीत नाही. सोमवारी त्या कामावर आल्या तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, पण विचारायचा धीर झाला नाही.