दोर सुटला नव्हता

बायकोच्या तेराव्याच्या पंगतीत तिच्या माहेरचा एक माणूस पोरांना गोष्ट सांगत होता. म्हणे, आमच्या गावात एक बैल होता, त्यालासुद्धा पाटलाचा मान कळायचा. पोळ्याच्या दिवशी वेशीत येऊन नमस्कार केल्यासारखा उभा राहिला आणि मगच आत गेला. पोरं घास हातात धरून ऐकत होती. तो बैल माझ्या सासऱ्यांचा. उठून त्या माणसाचं तोंड बंद करणारी एकच बाई होती, आणि तिचंच तेरावं होतं. म्हणून मी लिहायला बसलो. शाळा माझी दुसरीपर्यंत. जन्म चाळीसगावच्या जिनात कापसाची बोचकी ओढण्यात गेला. अक्षर वाकडं येतं, ते येऊ द्या.

सासऱ्यांचं गाव नरडाण्याच्या पलीकडे, तापीच्या अंगाला. गाव त्यांना नाना म्हणे, पोरं आबा म्हणत. माणूस मुका वाटावा इतका कमी बोलायचा. शेत बेताचं, पण घरात कधी काही कमी पडलं नाही. सासू बाळंत असली की नदीवरून पाणी स्वतः आणायचे, सगळ्या गावादेखत, खांद्यावर हंडा घेऊन. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांना त्याचं काही नव्हतं. दारू नाही, जुगार नाही, पैजसुद्धा कधी लावली नाही. नाद एकच, शर्यतीचा.

जत्रेच्या दिवसांत नदीच्या कोरड्या पात्रात हलक्या गाड्या जुंपून जोड्या पळवत. बाकीचे गाडीवान ओरडून घसा फोडायचे, पराणी टोचून बैलांचे पुठ्ठे लाल करायचे. सासऱ्यांच्या हातात पराणी नसायचीच. जीभ टाळूला लावून दोनदा वाजवायचे, टक् टक्, की जोडी सुटायची. थांबवायला वशिंडावर हात. त्यांच्या जोडीतला डाव्या अंगाला जुंपायचा तो बैल सगळ्यात वेगवान. त्याचं नावच डावा पडलं होतं. डाव्याच्या जोरावर त्यांनी शिंदखेड्यापासून शिरपुरापर्यंत फेटे जिंकले. फेटा सासूच्या खांद्यावर टाकायचे आणि धोतराच्या सोग्यात बांधून आणलेली गोडीशेव पोरांपुढे सोडायचे. जिंकल्याचं सांगायचे नाहीत. माझी बायको म्हणायची, गोडीशेव आली म्हणजे आबा जिंकले, नाही आली म्हणजे हरले, एवढंच आम्हाला कळायचं.

आता गावची रीत सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. पोळ्याला सगळ्यांचे बैल रंगवून, झुली घालून वेशीबाहेर उभे करतात. वाजंत्री सुरू झाली की बैल वेशीतून आत पळवायचे. पण पहिला पाटलाचा. त्याचा बैल आत गेला म्हणजे पोळा फुटला, मग बाकीच्यांनी जायचं. पाटलाचा बैल म्हातारा असो, लंगडा असो, मान त्याचा. त्यामुळे पंचक्रोशीत ज्याच्यापुढे कोणी जाऊ शकत नव्हतं तो डावा आपल्याच गावात दरवर्षी मागे राहायचा. सासऱ्यांनी त्याला शिकवलंच होतं तसं. वेशीच्या दगडापाशी आला की उभं राहायचं. टक् टक् ऐकू आलं की मगच हलायचं. दोर नुसता नावाला हातात असायचा.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी जत्रेत पाटलाची जोडी सासऱ्यांच्या मागे पडली होती. लोकांनी हार सासऱ्यांना घातला. ते पाटलाच्या मुलाला बोचत होतं. पोळ्याला वेशीबाहेर त्यांचा म्हातारा बैल पाय उचलेना, दोघं जण ओढत होते, मागे सगळं गाव खोळंबलं. कोणीतरी हसलं. पाटलाच्या मुलाला वाटलं सासरेच हसले. तो माणूस कुठला हसायला! पण पोरगा वळून सगळ्यांसमोर म्हणाला,

"नाना, ही जत्रा नही. आठे तुले मांगेच राहानं पडी."

बापाच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे करून, इथे तुला मागेच राहावं लागेल असं बोलला. सासऱ्यांनी वशिंडावरचा हात काढला आणि टक् टक् केलं. डावा पाटलाच्या बैलाला घासून आत गेला आणि थेट मारुतीच्या पारापाशी जाऊन थांबला. वाजंत्री वाजवणाऱ्यांचे हात जागच्या जागी राहिले.

दुसऱ्या दिवशी चावडी बसली. म्हातारा पाटील तसा वाईट नव्हता, त्यानंच पळवाट काढून दिली.

"नाना, दोर सुटना असं म्हन. बस. पान खाऊ नि घर जाऊ."

एवढंच म्हणायचं होतं. दोर सुटला. शंभर माणसं शंभर वेळा असं म्हणतात आणि घरी जाऊन जेवतात. वर्षभरात दहा वाक्यं न बोलणारा माणूस त्या दिवशी नेमका बोलला.

"दोर सुटना नही. मी सोडा."

झालं. सुटला नाही, मी सोडला, एवढ्या शब्दांवर घर वाळीत पडलं. न्हावी येईना, सुतार गाडीच्या चाकाला हात लावीना, सासू नदीवर गेली की बाकीच्या बाया धुणं उचलून वर सरकायच्या. पण हे सगळं त्यांनी सोसलं असतं. अडलं ते पोरीच्या लग्नावर. माझ्या वडिलांनी निरोप पाठवला की ज्या मांडवात गाव उभं राहणार नाही त्या मांडवात आमची वरात येणार नाही. मला कोणी विचारलं नाही आणि विचारायची रीतही नव्हती. सासरे पुन्हा चावडीवर गेले. चुकलं म्हण, असं गाव म्हणत होतं. ते खाली मान घालून बसून राहिले. शेवटी गावानं दुसरी अट घातली. शब्द जड होतो ना तुला, मग तो बैल गावातून काढ.

त्यांनी बैल काढला. धुळ्याच्या बाजारात एका हेड्याला विकला, बैलांची दलाली करणाराच तो. बाजाराहून आले ते कोरड्या हातानं, पोरांसाठी गोडीशेव नव्हती. लग्न झालं. गाव मांडवात आलं, पंगतीवर पंगती उठल्या. पाटलाच्या मुलानं वाढप्याला हाक मारून मारून तूप घेतलं. मी मुंडावळ्या बांधून बघत होतो.

पुढच्या पोळ्याच्या आधी कळलं की हेड्याकडून तो बैल पाटलानंच घेतला. गावातून काढलेला बैल गावातच आला होता. फक्त गोठा बदलला. चावडीवर कोणाला काही आठवलं नाही.

बायको श्रावणात माहेरी गेली होती, तिला आणायला मी गेलो तो पोळ्याचाच दिवस. सासरे रिकाम्या हातानं वेशीच्या भिंतीला लागून उभे होते. दुसरा बैल त्यांनी गोठ्यातच ठेवला होता. वाजंत्री सुरू झाली. पाटलाच्या मुलानं डाव्याला पुढे काढलं, अंगावर नवी झूल, शिंगांना बेगड. डावा ऐटीत आला आणि वेशीच्या दगडापाशी उभा राहिला.

ओढलं, हलेना. शेपटी पिरगाळली, हलेना. मागे बैल दाटले. पाटलाच्या मुलानं पराणी घेतली आणि टोचायला लागला. रंगवलेल्या पुठ्ठ्यावरून रक्त खाली येत होतं आणि तो बैल त्या दगडापाशी पाय रोवून उभा, शिकवलं होतं तसा.  पाटलाची फजिती माझ्या डोळ्यांसमोर चालली होती आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. बायको माझ्या शेजारीच होती. तिचेही डोळे चमकत होते.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. टक् टक्.

डावा आत गेला. पोळा फुटला. गावानं आरोळी ठोकली, पाटलावर गुलाल उडाला. पाटलाला मान त्यांनीच दिला, ज्यांच्याकडून सगळं काढून घेतलं होतं त्यांनी. रात्री पाटलाकडून नारळ आला. सासूनं तो उंबऱ्याच्या आत घेतला नाही. खापरावरच्या पुरणपोळ्या तशाच पडल्या होत्या. बायको बापावर धावून गेली. "आबा, का हाकला त्याले? ऱ्हाऊ देता तठेच उभा."

सासरे भिंतीकडे बघत म्हणाले, "मार कोन खाई राह्यंता?"

मार कोण खात होतं, एवढंच.  पण तिचा राग गेला नाही. त्यानंतर ते कुठल्याच शर्यतीला गेले नाहीत. शेजारच्या गावी जोड्या पळायच्या, धूळ घरातून दिसायची, हे अंगणात दोर वळत बसायचे. स्वराज्य आलं त्या वर्षी गेले. वेशीवर तेव्हा पाटलाच्याच घरच्यांनी झेंडा लावला होता, तिरडी त्याच्याखालून नेली.

बायको जन्मभर माहेरी गेली ती मागच्या नाल्यातून. वेशीतून पाय टाकला नाही. पावसाळ्यात लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलात भरायचं, मी शिव्या द्यायचो, ती ऐकायची नाही. म्हणायची, माझ्या मांडवासाठी बैल गेला, मला त्या दगडावरून जाववत नाही.

आणि तिच्याच तेराव्याला हे लोक तो बैल मानानं उभा राहिला म्हणून सांगतात.

मी पंगतीतून बोललो. म्हणालो, तो मानानं उभा नव्हता राहिला, त्याला रक्त निघेपर्यंत टोचत होते तुमचे लोक, आणि त्याला हलवलं ते माझ्या सासऱ्यांनी. पोरं माझ्याकडे बघायला लागली. गोष्ट सांगणारा हसला, मोठ्या अदबीनं हसला, आणि माझ्या पानातलं सगळं थंड होतंय म्हणून वाढणाऱ्याला हाक मारली.

"जावाईबोवाले वाढ रे. बठ्ठं थंड हुई ऱ्हायनं त्यास्नं."