अक्कांची बदाम सत्ती

आता माझ्या या तोंडाला काय करावं, तुम्हीच सांगा! चहा घ्या आधी, गार होईल. माझी फजिती कुठं पळून जात नाही.

आमच्या भवानी पेठेत, पुण्याच्या नव्हे हो, आमच्या गावातल्या, शेजारी लक्ष्मीअक्का राहायच्या. घरातले माग कधीच बंद झाले, मालक देवाघरी गेले, मुलगा शिनू पुण्याला. दुपारी भांडी आवरली की आम्ही चौघी त्यांच्या चटईवर. अक्का, शकीलाभाभी, कमळ आणि मी. खेळ एकच, बदाम सात.

येतो ना तुम्हाला? नाही? अहो, सोपा आहे. बावन्न पानं चौघींत वाटायची. ज्याच्याकडं बदाम सत्ती, त्यानं डाव उघडायचा. मग बदामाची छक्की नाहीतर अठ्ठी लावायची, खाली एक्क्यापर्यंत, वर राजापर्यंत. नाहीतर दुसऱ्या रंगाची सत्ती टाकायची. लागणारं पान असलं तर टाकायचंच, नसलं तर 'पास' म्हणायचं. ज्याची पानं आधी संपली, तो जिंकला. आणि गंमत कशात? अडवण्यात! दुसरं काही टाकता येत असेल, तर इस्पिक सत्ती हातात दाबून ठेवायची. बाकीच्यांची इस्पिकं मग बसतात सडत. अक्का तर सत्ती अशी दाबायच्या की शकीलाभाभी पानं आपटून म्हणायची, "क्या गे अक्का, लोणचं घालती क्या उसका?"

मग कमळ मोहोळला लेकाकडं गेली. शकीलाभाभी सात रस्त्याकडं नव्या घरात गेली. उरलो दोघी. आता दोघींत बदाम सात म्हणजे काय? जे माझ्याकडं नाही, ते तुमच्याकडं! अडवायचं काय आणि फसवायचं काय? मी आपली टीव्हीवरच्या मालिकेला बसायला लागले. अक्का भिंतीपलीकडून हाक मारायच्या, "सुमन, येतीस का गं?"

"उद्या येते की अक्का!"

असे किती उद्या गेले, विचारू नका.

एक दिवस मी पापड काढायला गच्चीवर गेले. तिथून अक्कांची खिडकी दिसते. आता दिसते म्हटल्यावर डोळे मिटून घ्यायचे का माणसानं? बघते तर काय, चटईवर पानांचे चार वाटे, आणि अक्का एकट्या! एका वाट्यातलं पान टाकायच्या, ढुंगणावर सरकत पुढच्या वाट्याशी जायच्या. वर बोलणं चालू. "शकीला, पास म्हण. कमळ, लबाडी न्हाय चालायची. ए सुमन, दुसऱ्याच्या पानात डोकावू नगंस!"

अगंबाई! मी त्याच वेळी डोकावत होते की! पापड सगळे खाली.

मनात म्हटलं, अक्कांना माणसं दिसायला लागली. कामातून गेली म्हातारी! खाली येऊन मी तडक शिनूला फोन लावला. "बाबा, आईकडं बघ तुझ्या. लक्षण बरं न्हाय." मग कमळला सांगितलं, "एकदा बघून जा गं अक्कांना." कमळनं शकीलाभाभीला कळवलं. आता 'बघून जा' म्हटल्यावर माणूस काय समजणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळ गल्लीच्या तोंडापासनंच गळा काढत आली. मागं शकीलाभाभी, डोळ्याला पदर. त्यांच्यामागं शिनूची गाडी. आवाज ऐकून अक्का हातात उलथनं घेऊन दारात. कमळला बघून त्याच घाबरल्या.

"कमळ, कोण गेलं गं?"

कमळचं रडं तिथंच अडकलं. शकीलाभाभीनं माझ्याकडं बघितलं. "क्या गे सुमन, ये तो चपात्यां भून रही!"

शिनूनं आईला बसवलं. "आई, काल कुणाशी बोलत होतीस?"

"कुणाशी म्हंजे? खेळ चौघींचा हाय. तिघी येईनात, मग त्यांची पानं कोण खेळणार? या दोघी लांब गेल्या, ते मला कळतंय." अक्कांनी उलथनं माझ्याकडं केलं. "सुमनचं दार चार पावलांवर हाय."

मी पायाखालची फरशी बघत बसले. चौथा वाटा माझा होता हो. जाऊन नुसतं बसायचं होतं. मी फोन लावत बसले.

मग काय, चौघी जमलोच होतो. डाव टाकला. अक्कांनी इस्पिक सत्ती शेवटपर्यंत दाबली आणि तिघींना पुरून उरल्या. शिनू हसला, पण डोळे पुसत हसला. "डोकं ठणठणीत आहे तुझं. पण एकटीनं चौघींचा डाव खेळायचा म्हणजे... चल आई पुण्याला."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. तेव्हा मी काय म्हणायला पाहिजे होतं? 'न्हाय बाबा, मी रोज येत जाईन.' पान हातात होतं, लागणारं होतं. आणि मी मोठी शहाणी! म्हणाले, "जा की अक्का, नातवंडांत जीव रमेल."

गेल्या. जाताना घराची किल्ली आणि पत्त्यांचा जोड माझ्या हातात दिला.

त्या दिवसापासून दुपार सरत नाही. मालिकेत कोण कुणाची सासू, तेही कळेना. शेवटी एकदा जोड काढला, चार वाटे केले. बघते तर बदाम सत्तीच नाही! अक्कांना फोन लावला.

"माज्याकडं हाय," त्या म्हणाल्या. "जिच्याकडं बदाम सत्ती, तिनंच डाव उघडायचा. मी येईस्तवर तुमी पास म्हणा."

आता रोज दुपारी मी अक्कांचं घर उघडून चटई टाकते, चार वाटे करते आणि सरकत सरकत चौघींच्या वतीनं सांगते, "शकीला पास. कमळ पास. सुमन पास. अक्का, आता तुमचा डाव."

परवा असंच सांगून खिडकीतून वर बघितलं, तर गच्चीवर आमची सूनबाई. हातातले पापड खाली, आणि फोन कानाला!